रोज दोन वेळा जेवणाऐवजी शेक घेतोय. कोणतं जेवण बदलावं, कोणतं राहू द्यावं?

बदलापूरकर७९

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरही तसंच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

वय ४६, उंची पाच फूट सहा इंच. फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब खात्यात आहे, दिवसभर खुर्चीत. दिवाळीनंतर ऑफिसतर्फे तपासणी झाली. वजन ८४ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०. डॉक्टर म्हणाले, "अजून डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात. सहा महिन्यांत सहा-सात किलो उतरवा, मग बघू." गोळी दिली नाही. माझ्या वडिलांना पन्नाशीत साखर निघाली. शेवटची चार वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नेणं-आणणं मीच केलंय. त्यामुळे तो कागद हातात आल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

माझा दिवस असा. पाचला उठतो, सहाच्या सुमाराची बदलापूर लोकल पकडतो. नंतरच्या गाड्यांना दारातही पाय ठेवता येत नाही, म्हणून ऑफिसच्या वेळेआधी तासभर सीएसएमटीला पोचतो. स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि कटिंग. दीडला डबा: तीन पोळ्या, भाजी, आमटी. सहाला ऑफिस सुटतं तेव्हा भूक खवळलेली असते, मग समोसा नाहीतर भेळ. घरी सव्वाआठ. पावणेनऊला भाकरी, भाजी, आमटी, भात. वीस वर्षं हेच चाललंय.

महिन्याभरापूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शेकच्या पावडरीचा डबा आणून दिला. तो नोकरी सांभाळून 'वेलनेस कोच' म्हणून काम करतो. त्याचं स्वतःचं अकरा किलो वजन उतरताना मी पाहिलंय, म्हणून विश्वास ठेवला. ५०० ग्रॅमचा डबा २,१०० रुपयांना. एका वेळी २५ ग्रॅम, पाण्यातून. सकाळी एक, रात्री एक, दुपारी नेहमीचा डबा. मागे छापलेलं वहीत उतरवून घेतलंय: २५ ग्रॅममध्ये ९५ किलोकॅलरी, प्रोटीन ९ ग्रॅम (सोयाचं), फायबर २ ग्रॅम, शिवाय कॅल्शियम, लोह आणि बरीच जीवनसत्त्वं. बायकोलाही पहाटे घाई असते, ती डोंबिवलीला शाळेत शिकवते, म्हणून सकाळचा शेक तीही माझ्यासोबत घेते. म्हणजे घरात दिवसाला तीन. एकाचे १०५ धरले तर रोजचे ३१५, महिन्याला साडेनऊ हजारांच्या जवळ.

आज २४ वा दिवस. वजन ८०.२. समोसा, भेळ पूर्ण बंद. इथपर्यंत मी खूश होतो.

पण दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी बदलापूरच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून खालीच बसलो. एका अनोळखी मुलाने पाणी पाजलं आणि रिक्षापर्यंत सोडलं. तेव्हापासून रोज चार वाजले की डोकं दुखतं. पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही. कोचला सांगितलं तर म्हणतो, "शरीर डिटॉक्स होतंय, पंधरा दिवस सहन करा."

आणि दुसरी गोष्ट, जी त्याला सांगता येत नाही. रात्रीचं जेवण ही आम्ही पाच जण एकत्र बसण्याची एकमेव वेळ. मुलगा दहावीत आहे, मुलगी सहावीत. माझा शेक दोन मिनिटांत संपतो, मग त्यांच्याकडे बघत बसण्यापेक्षा मी उठून जातो. आई ७३ वर्षांची आहे. रात्रीच्या भाकऱ्या तिच्या हातच्या असायच्या. परवापासून तिने भाकरी थापणं बंद केलं. म्हणाली, "पोरांना पोळी चालते. तू खात नाहीस तर कोणासाठी थापू?"

हे शेक रोज, वर्षानुवर्षं घेण्यासारखे असतात का? दोन्ही वेळा घ्यावेत की एकच वेळ, आणि एकच असेल तर कोणती? भोवळ कशामुळे आली असेल? वजन उतरतंय ते मला सोडायचं नाहीये. वडिलांचं झालं ते माझं होऊ द्यायचं नाहीये.

---

पोषणवाटी

दादा, मी आहारतज्ज्ञ आहे, सांगलीत सतरा वर्षं काम करते. आधी भोवळीचं बोलू.

डिटॉक्स वगैरे काही नाही. तुम्ही उपाशी आहात. तुमच्याच वहीतले आकडे घ्या. दोन शेक म्हणजे १९०. डब्यातल्या तीन पोळ्या, भाजी, आमटी मिळून साडेपाचशेच्या आसपास. दिवसभराची बेरीज सातशे ते साडेसातशे. तुमच्या वयाच्या आणि वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाला आहे तिथे राहायलाच दोन हजारांच्या वर लागतात. म्हणजे एक तृतीयांश खाऊन तुम्ही रोज प्रवासासह चौदा-पंधरा तास घराबाहेर काढताय. इतकी कमी कॅलरी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते, आणि तीही सगळी पोषकद्रव्यं मोजून. आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा, भोवळ आल्याचं सांगा, बीपी आणि रक्त तपासून घ्या. आज-उद्याच जा.

आता शेकबद्दल. मील रिप्लेसमेंट (जेवणाच्या जागी घ्यायचा पदार्थ) हा शब्द डब्यावर छापला म्हणून आतलं जेवण होत नाही. वजन कमी करण्यासाठीच्या अशा पदार्थांचं कोडेक्स या अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक १९९१ पासून आहे. त्यात एका जेवणाच्या जागी घ्यायच्या पदार्थात किमान २०० आणि जास्तीत जास्त ४०० किलोकॅलरी असाव्यात असं सांगितलंय. तुमचा पाण्यातला शेक ९५ चा आहे. एका केळ्याइतका. एक केळं खाऊन कोणी जेवलो म्हणत नाही. हाच २५ ग्रॅम पावडरीचा शेक २५० मिली टोन्ड दुधात केला तर अडीचशेच्या जवळ जातो आणि प्रोटीन ९ चं १७ होतं. डब्यावर कुठेतरी बारीक अक्षरात 'दुधातून घ्या' असं आहे का बघा. बऱ्याचदा असतं, आणि विकणारा ते सांगत नाही, कारण पाण्यातून घेतलं की वजन जास्त झपाट्याने उतरताना दिसतं.

हे 'दिसतं' नीट समजून घ्या. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरली जाते आणि तिने धरून ठेवलेलं पाणीही जातं. त्यानंतर प्रोटीन अपुरं असेल तर चरबीसोबत स्नायूही झडतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज हवं. तुमच्या उंचीला साजेसं वजन ६५ धरलं तरी ५४ ग्रॅम. आत्ता तुम्हाला तीस-पस्तीस मिळतंय. आणि साखर उंबरठ्यावर असलेल्या माणसाने स्नायू गमावणं फार महागात पडतं, कारण जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात. फार वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. तेवढा वेग पुष्कळ झाला.

पोट साफ न होण्याचं कारणही वहीतच आहे. दोन हजार कॅलरींमागे तीस ग्रॅम फायबर हवं. दोन शेकचं मिळून चार होतं.

घटकांची यादीही वाचा. जे सर्वांत जास्त घातलेलं असतं ते यादीत पहिलं छापावं लागतं. पहिल्या दोन-तीन नावांत माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) किंवा साखर दिसली तर तुमच्यासारख्यासाठी तो डबा नकोच. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तातली साखर ग्लुकोजसारखीच भराभर वाढवतं.

कोणतं जेवण बदलायचं याचं माझं उत्तर: तुमची दोन जेवणं चांगलीच आहेत. मी तुमच्या दिवसाचं वर्णन दोनदा वाचलं. डबा ठीक आहे, रात्रीचं ताट ठीक आहे. गडबड त्या दोन फटींत आहे, सकाळी स्टेशनबाहेरची आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरची. दोन वडापाव आणि एक समोसा मिळून आठशेच्या वर जातात. कोचने तुम्हाला वडापाव सोडायला लावला, ते बरंच केलं. सोबत आईची भाकरीही सोडायला लावली, ते चुकलं. सकाळी दुधातला शेक घ्या, खुशाल रोज घ्या, पावडर चांगली असेल तर वर्षभर घ्या. संध्याकाळी साडेपाचला, भूक खवळायच्या आधी, मूठभर फुटाणे किंवा दोन उकडलेली अंडी. रात्री घरच्यांसोबत जेवा. भात अर्धा करा, भाजी दुप्पट घ्या. एवढ्याने रोजचे पाचेकशे वाचतात, आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो तिथूनच उतरतो.

---

चाकण_नाईट

मी उलट बाजूचा. दोन वर्षं झाली, नाईट शिफ्टला रात्री दीडचं जेवण म्हणून शेकच घेतो. आमच्या कॅन्टीनला त्या वेळी तेलकट भाजी, पुरी, पुलाव असतो. तो खाल्ला की सकाळपर्यंत छातीत जळजळ आणि मशीनवर पेंग. शेक घेतल्यापासून दोन्ही गेलं.

पण मी ओट्स आणि वाटाण्याच्या प्रोटीनची ४०० कॅलरीवाली पावडर घेतो, शंभर ग्रॅमचा मोठा शेकर भरून. पोटात काहीतरी गेल्यासारखं वाटतं. तरी चार वाजता काहीतरी चावायला लागतंच. गाजर, काकडी, शेंगदाणे. नुसतं पिऊन समाधान होत नाही, हे मात्र खरं. सुट्टीच्या दिवशी शेकला हात लावत नाही, घरी जेवतो.

भोवळ आल्यावरही कोच 'सहन करा' म्हणतो म्हणजे काय? पुलावर आली म्हणून निभावलं. लोकलच्या दारात उभं असताना आली असती तर?

---

लेस्टरकर

बदलापूरकर, तुमचा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. मी मूळचा डोंबिवलीचा, एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये. २०२१ मध्ये टाइप २ डायबेटिस निघाला. २०२३ मध्ये एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) 'पाथ टू रेमिशन' कार्यक्रमात घेतलं. लोक त्याला सूप्स अँड शेक्स म्हणतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं मोजमाप) २७ किंवा जास्त लागतो, आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी मात्र मर्यादा २५ ची आहे, कारण आपल्याला कमी वजनातच साखर होते. डायबेटिस निघून सहा वर्षांच्या वर झालेली असतील तर घेत नाहीत.

बारा आठवडे फक्त शेक, सूप आणि बार. दिवसाला ८०० ते ९०० कॅलरी, एक घासही जेवण नाही. त्यामुळे तुम्ही जे खाताय ते आकड्याने माझ्याएवढंच आहे. पण माझ्या चार पाकिटांत दिवसाचं सगळं प्रोटीन, सगळी जीवनसत्त्वं मोजून भरलेली होती. सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी माझी साखरेची गोळी बंद केली, बीपीची निम्मी केली. कारण इतकं कमी खाताना त्याच गोळ्या चालू ठेवल्या तर बीपी एकदम खाली जातं. दर आठवड्याला फोन. इसबगोलासारखं फायबर वेगळं, सव्वादोन लिटर पाणी सक्तीचं. तरी पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, थंडी वाजायची, आणि पोटाचं तेच जे तुमचं.

यामागे डायरेक्ट नावाचा अभ्यास आहे. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी केलेला, डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ला आला. १४९ जणांना तीन ते पाच महिने सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरींच्या शेकवर ठेवलं. वर्षाच्या शेवटी त्यांतल्या ४६ टक्क्यांची साखर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या खाली आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच ४ टक्के. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले होते.

तो ४६ आणि ३६ मधला फरक मी अंगावर काढलाय, म्हणून सांगतो. शेकचे बारा आठवडे कठीण होते, पण सोपे होते. कठीण यासाठी की गणपतीत मित्राकडे एकवीस मोदकांच्या ताटासमोर मी व्हॅनिलाचा ग्लास धरून बसलो होतो. सोपे यासाठी की ठरवायचं काहीच नव्हतं, पाकीट फोडायचं आणि प्यायचं. खरं कठीण तेराव्या आठवड्यात सुरू झालं. पहिली पोळी. किती मोठी? सोबत भात की नाही? दुसरी मागावी का? मी ८९ वरून ७४ वर आलो होतो. पुढच्या वर्षभरात चार किलो परत आले आणि ते सगळे रात्रीच्या जेवणातून आले, कारण रात्रीचं जेवायला मी परत शिकलोच नव्हतो. आता वाटी ठरवलीय. भात एक वाटी, तोही डाळ-भाजीनंतर. एचबीए१सी सध्या ६.२, गोळीशिवाय.

तुम्हाला डायबेटिस झालेला नाही. माझ्यासारखं सगळं जेवण बंद करायची गरज तुम्हाला नाही, आणि देखरेखीशिवाय तर कोणालाच नाही. पोषणवाटी म्हणतात तसं सकाळचं बदला. रात्रीचं ताट सोडू नका. आईंना भाकरी थापायला सांगा.

---

गोदाकाठ

मला फक्त एकच विचारायचंय, आणि ते घाईने विचारतेय. तुमच्या मिसेसना थायरॉइडची गोळी चालू आहे का?

माझी गोष्ट सांगते. मी नाशिकला असते, हायपोथायरॉइड (थायरॉइड कमी काम करतं) गेली आठ वर्षं. ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी सव्वासहाला, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, आकडा वाढला की थायरॉइड कमी पडतंय) कायम तीनच्या आसपास. मागच्या उन्हाळ्यात वजनासाठी शेक सुरू केला. गोळीनंतर अर्ध्या तासाने, पावणेसातला. तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागले, जिना चढताना पाय ओढल्यासारखे, आणि शेक घेऊनही वजन दोन किलोने वाढलेलं. टीएसएच ९.८ आला. डॉक्टरांनी गोळी १०० ची केली. मी कंपनी बदलून बघितली, डबा बदलून बघितला. रडले सुद्धा.

कारण सापडलं ते औषधांच्या दुकानात. तिथल्या वयस्कर फार्मासिस्टनी सहज विचारलं, "गोळीनंतर काय घेता?" शेक म्हटल्यावर त्यांनी मला डबा आणायला सांगितला आणि मागची यादी बोटाने दाखवली. कॅल्शियम, लोह, सोया. कॅल्शियम आणि लोह आतड्यात त्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात पुरती जातच नाही. सोयानेही शोषण घटतं. कॅल्शियम-लोह असलेलं काहीही गोळीनंतर चार तासांनीच घ्यायचं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीबद्दल हे मला माहीत होतं. शेकच्या डब्यातही तेच असतं, हे डोक्यातच आलं नाही. विकणाऱ्या बाईंनी तर 'यात सगळी जीवनसत्त्वं आहेत' हेच दहादा सांगितलं होतं.

शेक साडेदहाच्या मधल्या सुट्टीत नेला. गोळीची वेळ तीच. दीड महिन्याने टीएसएच एकदम खाली आला, डॉक्टरांनी परत ७५ वर आणलं. आता बरी आहे. शेक अजूनही घेते, आठवड्यातून चार दिवस. माझं शेकशी भांडण नाही. पण तुम्ही लिहिलंत 'कॅल्शियम, लोह, सोया, पहाटे, बायकोही घेते' आणि माझ्या पोटात गोळा आला. कृपया आजच विचारा.

---

माणदेशी_आजी

बाळा, एवढे पैसे घालवतोयस, एकदा सातूचं पीठ करून बघ. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतावर जाणारा माणूस हेच पिऊन जायचा आणि दुपारपर्यंत औत सोडायचा नाही.

दोन वाट्या गव्हाला पाण्याचा हात लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी कांडून कोंडा पाखडायचा, गहू सावलीत वाळवायचे आणि मंद आचेवर खमंग भाजायचे. कांडणं जमत नसेल तर नुसते धुऊन, वाळवून भाज. दोन वाट्या पंढरपुरी डाळं, ते आधीच भाजलेलं असतं, नुसतं गरम कर. वाटीभर नाचणी भाजून. चार वेलदोडे, सुंठेचा तुकडा. गिरणीतून बारीक दळून आण, पण मिरचीच्या दळणानंतर टाकू नको. कोरड्या डब्यात महिनाभर राहतं. चार चमचे पीठ, पेलाभर दूध, चिमूट मीठ. गूळ घालतात, तुझी साखर बघता घालू नको. उन्हाळ्यात ताकात, जिरं आणि मीठ घालून.

तुझ्या आईला विचार, तिला माहीत असणार. आणि भाकरीचं तिने बोलून दाखवलं, हे बरं झालं. आमच्या पिढीतल्या बायका बोलत नाहीत, भांडं घासून ठेवून देतात.

---

पोषणवाटी

गोदाकाठताईंनी लिहिलंय ते अगदी खरं आणि फार महत्त्वाचं. माझ्याकडून विचारायचं राहून गेलं, मी नवऱ्याकडेच बघत बसले. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनीही अशा पावडरीतल्या व्हिटॅमिन के बद्दल डॉक्टरांना विचारावं.

आजींचं पीठ मी स्वतः पेशंटना देते. ४० ग्रॅम पीठ आणि २५० मिली दूध मिळून पावणेतीनशे-तीनशे कॅलरी आणि १४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं. सोबत मूठभर शेंगदाणे घेतले तर प्रोटीन वीसच्या वर, पण कॅलरीही दीडशेने वाढतात. खर्च तीस-पस्तीस रुपयांत बसतो. विकतच्या पावडरीत जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, इथे ती दूध, फळ, पालेभाजीतून यायला हवीत. म्हणून पीठ घेणाऱ्याने दिवसात एक फळ आणि दोन भाज्या चुकवू नयेत. नाचणीमुळे कॅल्शियमची बाजू मात्र छान सांभाळली जाते, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं.

---

बदलापूरकर७९

सहा आठवड्यांनी परत लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार. तेव्हा फक्त दोन ओळींत धन्यवाद म्हणून गेलो होतो, कारण खूप धावपळ झाली.

गोदाकाठताई, तुमचा प्रतिसाद मी लोकलमध्ये उभ्याने वाचला आणि तिथूनच बायकोला फोन केला. होय, तिला गोळी आहे. ५० मायक्रोग्रॅम, मुलगी झाली तेव्हापासून. सव्वापाचला गोळी, पावणेसहाला शेक. महिनाभर रोज. ती दमते, चिडते, तिला झोप आवरत नाही, हे मी बघत होतो आणि शाळेच्या परीक्षांचं काम असेल असं समजत होतो. त्याच शनिवारी रक्त दिलं. मागच्या वर्षी टीएसएच २.८ होता, आता ७.४. डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. शेक बंद केला आणि सहा आठवड्यांनी परत तपासू म्हणाले.

माझं बीपी १०० च्या खाली होतं. डॉक्टरांनी वही मागून घेतली, आकडे बघितले आणि जवळजवळ पोषणवाटी ताईंचीच वाक्यं बोलले. पहिल्या आठवड्यात जेवण वाढवल्यावर वजन ८०.२ चं ८१.३ झालं, तेव्हा जीव खालीवर झाला. मग हळूहळू उतरायला लागलं. आज सकाळी ७८.९. डोकेदुखी चौथ्या दिवशी गेली, पोटही ठीक आहे.

सकाळी उरलेल्या डब्यातला शेक घेत होतो, पण दुधातून. स्टेशनबाहेर दुधाचा स्टॉल आहे, पावडर छोट्या डबीत नेतो. तो डबा संपल्यावर नवीन घेतला नाही. कोचला आकडे दाखवले, पाण्यातून ९५ आणि दुधातून अडीचशे. तो गप्प झाला. त्याने स्वतःही कधी मागची बाजू वाचली नव्हती, असं म्हणाला. तो माणूस वाईट नाही, त्याला जे शिकवलं ते तो सांगत होता. आता आजींचं पीठ चालू आहे. आईला विचारलं तर म्हणाली, तिच्या माहेरी त्यात थोडं जवही घालायचे. तिने स्वतः गहू भाजले. साडेपाचला ऑफिसात फुटाणे, नाहीतर घरून नेलेली अंडी. समोशाच्या दुकानावरून जाताना अजून नजर वळते, पण पोटात काहीतरी असतं म्हणून पाय थांबत नाही.

ज्या दिवशी रात्रीचं जेवण परत सुरू केलं, त्या दिवशी आईने फक्त एवढंच विचारलं, "एक की दोन?" मी दीड म्हणालो. तिने दोन थापल्या आणि अर्धी मुलीच्या ताटात वाढली. आता रोज तसंच. लेस्टरकर, भात एक वाटी, डाळ-भाजीनंतर, हे तुमचं उचललंय.

बायकोचं रक्त येत्या सोमवारी परत द्यायचंय. ती हल्ली दुपारी शाळेतून आल्यावर झोपत नाही, मुलीचा अभ्यास घेते. गोदाकाठताई, रिपोर्ट आला की आकडा इथेच टाकतो.